कच्चे काढलेले सातू

४ फेब्रुवारी

डॉक्टरने वही ठेवायला सांगितली आहे. "काका, सकाळी किती वेळा खोकला आला आणि संध्याकाळी किती वेळा, एवढं रोज लिहायचं." एवढ्यासाठी दोनशे पानी वही कशाला, असं मी विचारलं. तर म्हणतो, "बाकी सुचेल ते लिहा. तेवढाच वेळ धुरापासून लांब बसाल." वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, पण बोलण्यात माझा बाप.

खोकला: सकाळी दोन, संध्याकाळी एक. (ही शेजारून म्हणते, सकाळीच सात झाले. हिला मोजायची हौस.)

आता बाकी सुचेल ते. मी धान्य भाजतो. शेंगदाणे, मका, चणे, जो जे आणून देईल ते. विटांची भट्टी माझ्या वडिलांनी स्वतः रचलेली. खाली लाकडाचा जाळ, वर बारीक भोकांचा लोखंडी पत्रा आणि हातात लांब दांड्याचं उलथणं. गल्लीत लहानथोर सगळे मला भट्टीवाले काका म्हणतात आणि हिला भट्टीवाल्या काकू, जणू भट्टी हे आमचं थोरलं अपत्य.

धाकटं अपत्य म्हणजे आमचे चिरंजीव. ऑफिसात जातात. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी फर्मान काढलंय की डिसेंबरअखेर भट्टी विझवायची आणि विजेवरचं मशीन आणायचं. "बटण दाबायचं बाबा, बास." चार माणसांत बापाचा धंदा सांगायची लाज वाटत असणार, दुसरं काय. मी हो म्हटलं. चौसष्टाव्या वर्षी माणसाने किती भांडायचं? पण एक गोष्ट टोचते. सत्तर वर्षं ही भट्टी पेटती आहे आणि तिच्या नावावर एकही मोठं काम नाही. लोक दाणे खातात, पुडी चुरगाळतात, विसरतात. विझण्याआधी तिच्याकडून एक काम असं व्हावं की कुणीतरी विचारावं, हे भाजलं कुणी?

६ फेब्रुवारी

खोकला: एक.

आज पुन्हा हिच्याशी वाजलं. मी जेवायला घरात गेलो की अर्धा तास भट्टी हिच्याकडे असते. परत येऊन बघतो तर दाणे फिके. आमच्या धंद्यात पाप एकच, दाणा आतून कच्चा राहणं. वडील दाणा दाताखाली फोडून बघायचे आणि जरा पांढरा दिसला की सगळं घमेलं परत पत्र्यावर ओतायचे. त्यांनी मला दिलेली विद्या एका वाक्याची आहे: हात थांबावासा वाटला की अजून एक हात फिरव.

अडतीस वर्षं हिला सांगतोय, तू कच्चं काढतेस. ही म्हणते, "मग लोक काकूंच्या हातचे द्या असं का म्हणतात?" लोकांना काय, गुळाची चव नाही ते साखरेची पारख करतात.

९ फेब्रुवारी

आज दुकानात एक बाई आली. तिशीतली, पायात रबरी बूट, केस वर बांधलेले. मागच्या रस्त्याला बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे, तिथे ती बिअर बनवते म्हणे. मी म्हटलं, "बाई, पत्ता चुकलात. इथे चणे मिळतात."

"मला भट्टीच हवीये काका," ती म्हणाली आणि पोतं उघडून दाखवलं. सातू होते, जव म्हणतात ते. मोड आणून, मोड झाडून, वाळवलेले. मग तिने जे सांगितलं ते जसं कळलं तसं लिहितो. तीनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या बंदराच्या शहरात पोर्टर नावाची बिअर निघाली. आता जिला पोर्टर म्हणतात ती वेगळी. आता साध्या फिकट सातूंत मूठभर काळे जाळलेले टाकतात आणि रंग आणतात. जुनी पोर्टर एकाच धान्याची असायची. लाकडाच्या जाळावर तडतडून फुटलेले तपकिरी सातू, दुसरं काही नाही. मग लाकडी पिंपात सहा-आठ महिने मुरवायची. तसे सातू आता कुठल्याच कारखान्यात होत नाहीत. तिने घरच्या ओव्हनमध्ये करून बघितले, गॅसवर करून बघितले, जमलं नाही.

"विजेच्या मशीनवर?" मी मुद्दाम विचारलं. चिरंजीव आत चहा पीत होते.

"मशीनवर तर नाहीच नाही," ती म्हणाली. मी चिरंजीवांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "हं, मशीनवर नाही."

११ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. मी आयुष्यात बिअर दोनदा प्यायलो, दोन्ही वेळा लग्नात, दुसऱ्यांदा स्वतःच्या. आपण दारूच्या कामात पडावं का, असं हिला विचारलं. ही म्हणाली, "तुम्हाला भाजायला सांगितलंय, प्यायला नाही." 

बिअरवालीला होकार द्यायला गेलो. (ही म्हणते, अहो, तिला बिअरवाली काय म्हणता. मग मला भट्टीवाला म्हणतात ते चालतं?) तिथे एक गोष्ट कळली. पोर्टर म्हणजे हमाल. त्या बंदरातले ओझी वाहणारे लोक ती पीत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. माझे वडील भट्टी रचण्याआधी बाजारात हमाल होते. पाठीवर पोतं घेऊन दिवसाला शंभर पायऱ्या चढायचे. मी तिला हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "करू आपण."

ती म्हणाली, बिअर जमली तर चाखायला लोक बोलावणार, जाणकार येणार आणि पिंपाशेजारी पाटी लागणार: धान्य कुणी भाजलं. भट्टीच्या नावावर काम हवं होतं ना, हे घ्या.

खोकला: लिहायला विसरलो. म्हणजे आलाच नसेल.

१५ फेब्रुवारी

पहिली दोन पोती भाजली. अहाहा.

आधी मंद जाळावर सातू दोन बोटं जाड पसरले. ओल गेली, वास गोड झाला, मग एकदम सुक्या काटक्या सारल्या. जाळ भडकला आणि दाणे बोलायला लागले. तड, तड, तडतड, आणि मग छपरावर गारा पडाव्यात तसे. बिअरवाली टाळ्या पिटत होती. तडतड थांबली, हात थांबावासा वाटला, तेव्हा वडिलांना स्मरून अजून एक हात फिरवला आणि काढले. दाणा फोडला. आतपर्यंत तपकिरी, खुसखुशीत, कच्चेपणाचा मागमूस नाही. चिमूटभर मीठ लावलं असतं तर गल्लीने उचलून नेले असते.

१७ फेब्रुवारी

दाणे मेले.

हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. तिने सातू भरडून गरम पाण्यात घातले. दोन तासांनी त्यातलं थोडं पाणी बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. थेंब शाईसारखा काळानिळा झाला. म्हणजे पीठ पीठच राहिलं, त्याची साखर झाली नाही, आणि साखर नाही तर बिअर नाही. मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारं काहीतरी असतं, ते माझ्या जाळाने मारून टाकलं. "काका, बाहेरून भाजलेला हवा, पण आतून जरा जिवंत राहायला हवा. तुम्ही फारच छान भाजलेत." फारच छान भाजलेत! जन्मात असली शिवी ऐकली नव्हती.

तो सगळा लगदा गोठ्यात गेला. दूधवाला म्हणाला, म्हशींना आवडला. निदान कुणाला तरी पारख आहे.

खोकला: चार. रागाने आला, धुराने नाही.

१८ फेब्रुवारी

"कच्चे काढा म्हणते," मी जेवताना म्हटलं. "पन्नास वर्षांच्या हाताला ही कच्चं काढायला शिकवणार."

"अति तिथे माती," ही म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली. हल्ली ही फार म्हणी टाकते.

२३ फेब्रुवारी

दुसरी खेप. रात्रभर स्वतःला बजावलं होतं: लवकर काढायचं. दाणे बोलायला लागले तेव्हा मी तयार होतो. पण खरं लिहितो, वहीत खोटं कशाला, हात ऐकत नाही. कच्चा दाणा पत्र्यावरून उतरवायचा म्हणजे भर बाजारात धोतर सोडल्यासारखं वाटतं. एक हात फिरवलाच. बहुतेक दोन.

बिअरवालीने थेंब टाकून बघितला. काळा नाही, पण जांभळट. अर्धीमुर्धी साखर झाली आहे, बिअर होईल पण रोडकी होईल, असं ती म्हणाली. फेकवेना म्हणून छोट्या पिंपात भरून ठेवली. आता मोड आलेले सातू चारच पोती उरलेत. मोठं पिंप त्यांच्यासाठीच आहे. "काका, ही शेवटची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

२ मार्च

चार पोती आली. सहा तारखेच्या सकाळी ती पाणी तापवणार. थांबता येत नाही, कारण मोठं पिंप पाण्याने फुगवून तयार आहे, रिकामं राहिलं तर फळ्या सुकून फटी पडतील. अंगात कसकस आहे. उद्या भाजतो.

३ मार्च

ताप. १०३. डॉक्टर येऊन टोचून गेला. छातीत कफ आहे म्हणे.

६ मार्च

आज उठून बसलो. तीन दिवसांतलं धड काही आठवत नाही. एक मात्र लख्ख आठवतं, मी भट्टीसमोर उभा आहे, काड्यापेटी ओढतोय आणि जाळ तोंडावर येतोय. दुकानात जाऊन बघितलं तर चारही पोती गेलेली.

"भाजले मी?" मी हिला विचारलं.

ही उशीचा अभ्रा बदलत होती. "तापात उठून भट्टी पेटवलीत, काय सांगू तुम्हाला. हट्टीपणाला काही औषध आहे का?"

"आणि बिअरवाली घेऊन गेली?"

"गेली. आता पडून राहा."

म्हणजे एकशे तीन ताप आणि चार पोती! वडील असते तर पाठीवर थाप पडली असती. चिरंजीव तीन दिवस रजेवर होते, बहुधा मशीन बघत हिंडले असतील. त्यांचा पांढरा शर्ट दोरीवर वाळतोय, धुऊनही काळपट दिसतो. कुठे लोळले कोण जाणे. हिच्या मनगटावर भाजल्याचा चट्टा आहे. "तव्याने," म्हणाली. अडतीस वर्षांत हिला कधी तवा लागला नव्हता, पण माझ्या आजाराने लक्ष ठिकाणावर नसणार. बिचारी.

उलथणं उजव्या खिळ्याऐवजी डाव्या खिळ्याला टांगलेलं होतं. तापात मीच टांगलं असेन.

८ मार्च

थेंब पिवळा राहिला!

बिअरवाली सकाळी धावत आली, बूटसुद्धा न बदलता. "काकू!" म्हणून हिच्या गळ्यातच पडली. माणसं आनंदात कुणाच्याही गळ्यात पडतात. सगळ्या पिठाची साखर झाली, पाणी मधासारखं गोड, मोठं पिंप काठोकाठ. मग हिला विचारते, "काढायची वेळ नेमकी कशी कळली?" आता हिला काय विचारायचं? मीच सांगितलं. पन्नास वर्षांचा अनुभव, नाक, कान, दाण्याचा रंग, सगळं नीट समजावलं, अर्धा तास लागला. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. शास्त्र अवघड आहे, लगेच डोक्यात शिरत नाही.

जाताना बिअरवालीने हिच्या हातात मलमाची डबी ठेवली. चांगल्या घरची आहे.

न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "खोकल्याचं काय?" मी म्हटलं, "थेंब पिवळा राहिला."

२० एप्रिल

मोठ्या पिंपातली पहिली चव. मला, हिला आणि चिरंजीवांना बोलावलं होतं. रंग सुरेख, काळा नाही, गडद तपकिरी. उजेडात धरला की कडेला लालसर. एक घोट घेतला आणि आम्ही तिघेही खोकायला लागलो. धूर, नुसता धूर. चिरंजीव म्हणाले, "धुराडं चाटल्यासारखं वाटतंय." मी त्यांच्याकडे बघितलं, पण खोटं म्हणता आलं नाही.

बिअरवाली म्हणते, घाबरू नका, जुन्या पुस्तकांत तेव्हाचे लोकही हीच तक्रार करतात, म्हणून तर मुरवायचे. पिंपात धूर बसत जातो. बसला नाही तर? ती पिंपाला हात लावून उभी राहिली.

खोकला: दोन अधिक बिअरचा एक.

१४ जून

चिरंजीवांनी मशीनचं रंगीत पुस्तक आणलं. मी उघडलं नाही. तो म्हणाला, "बाबा, मला तुमची छाती ऐकू येते. शेजारच्या खोलीत ऐकू येते." मी म्हटलं, "सरळ सांग ना, लाज वाटते." तो उठून गेला. ही माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच उठून भट्टीत उगाच लाकूड सारून आलो.

पिंप नीट जमलं तर मी त्याला दाखवणार आहे. मशीनवर होत नाही, म्हणावं.

३० ऑगस्ट

धूर बसतोय! एप्रिलमध्ये तो पुढे होता आणि बाकी सगळं मागे. आता मागच्या रांगेत जाऊन बसलाय. पुढे काहीतरी गोडसर आलंय, ते काय आहे ते ओळखू येत नाही. ओळखीचं आहे एवढं नक्की. जिभेवर आलं आणि गेलं. घरी येईपर्यंत आठवत होतो.

११ ऑक्टोबर

चाखायचा दिवस झाला. जेवढं आठवतं तेवढं सगळं लिहून ठेवतो.

बर्फाच्या कारखान्याची फरशी धुऊन काढली होती. लाकडी बाकं, उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन. चाळीसेक माणसं होती. पुढच्या बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई, तिने तीस वर्षं बिअर चाखायचंच काम केलंय म्हणे. बोलत काहीच नाही, नुसती हुंगते. मोठ्या पिंपाशेजारी काळी पाटी आणि त्यावर खडूने सुंदर अक्षरात: धान्य भाजलं, भट्टीवाले काका. मी ती पाटी चार वेळा वाचली. हिला म्हटलं, "वाचलंस?" ही म्हणाली, "वाचलं. छान आहे." खरंच मनापासून म्हणाली. चिरंजीव मात्र हिच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले आणि हिने त्यांचा हात दाबला.

बिअरवालीने प्रत्येकाला दोन ग्लास दिले. एक छोट्या पिंपातला, दुसरा मोठ्या पिंपातला. "एकच धान्य, एकच भट्टी, एकच पाणी," ती म्हणाली. "फरक फक्त भाजण्यातला."

आधी छोट्या पिंपातली प्यायलो. कोरडी, कडवट, पाण्यासारखी पातळ. घोट संपला की तोंडात काही उरत नाही. वाईट नव्हती. पण तिच्यात शेवटचा तो एक हात स्पष्ट लागत होता. बहुतेक दोन. हात माझाच, मी अंधारातही ओळखला असता.

मग मोठ्या पिंपातली. पुढच्या बाकावरच्या बाईने डोळे मिटले होते. मी घोट घेतला. धूर होता, पण विझल्या चुलीपाशी बसावं तेवढाच. मग जाड, मऊ, भाजल्या सालीचा कडूपणा आणि त्याच्या खाली तो गोडवा, ऑगस्टमध्ये न सापडलेला. आता सापडला. हा गोडवा मी अडतीस वर्षं रोज दुपारी जेवून आल्यावर दाताखाली फोडलाय. आणि रोज म्हटलंय, कच्चं काढलंस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चट्टा, शर्ट, डावा खिळा, मलमाची डबी, सगळं एकामागून एक आठवलं. हे सगळं माझ्याच अक्षरात या वहीत लिहिलेलं आहे. आणि मी शहाणा दोघींना अर्धा तास शास्त्र समजावत बसलो होतो!

पांढऱ्या केसांच्या बाईने डोळे उघडले. "इतक्या वर्षांत असं धान्य जिभेवर आलं नाही," ती म्हणाली. "हे भाजलं कुणी?"

हाच प्रश्न. सत्तर वर्षं भट्टी ज्याची वाट बघत होती तो. सगळे माझ्याकडे वळले, टाळ्या सुरू झाल्या. मी उभा राहिलो. खरं लिहितो, क्षणभर गप्प राहावंसं वाटलं. पाटी लागलेली होती, ही काही बोलणार नव्हती, जन्मभर बोलली नसती. पण जीभ माझी आहे, आणि चवीच्या बाबतीत ती आजवर खोटं बोललेली नाही.

"हे मी भाजलेलं नाही," मी म्हटलं. "छोट्या पिंपातली रोडकी माझी. ही हिची."

"अहो, बसा खाली," ही कुजबुजली.

"बसतो कशाला? अडतीस वर्षं हिला म्हणतोय, कच्चं काढतेस. तेच हे कच्चं. प्या सगळ्यांनी!"

मी पाटीपाशी गेलो, रुमालाने माझं नाव पुसलं आणि खडू घेऊन हिचं लिहिलं. काकू नाही, हिचं स्वतःचं नाव. अक्षर तिरकं आलं. मागे टाळ्यांचा कडकडाट चालला होता. त्यात चिरंजीवांची शिट्टीही होती, त्याच्या लहानपणी मीच ती शिकवली होती.

पांढऱ्या केसांची बाई उठून हिच्याजवळ आली. "काढायची वेळ कशी कळली?" मार्चमधलाच प्रश्न. या वेळी मी तोंड मिटून उभा राहिलो.

हिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दाणे बोलायचे थांबेपर्यंत हे थांबतात. मी ते बोलत असतानाच काढते. खाली काढले तरी आतल्या गरमीने होतच राहतात. त्यांचं उरलेलं काम त्यांना करू द्यायचं." एवढंच म्हणाली. माझं अर्ध्या तासाचं शास्त्र त्याच्यापुढे म्हशींना घालण्याच्या लायकीचं होतं.

घरी येताना तिघेही चालत आलो. मी विचारलं, "मार्चमध्येच का नाही सांगितलंस?" ही म्हणाली, "तापातून उठलात आणि चेहरा इतका आनंदी होता. म्हटलं, राहू दे. ही छाती घेऊन उठलात हेच मला पुष्कळ होतं."

चिरंजीव दोन पावलं मागे होते. तिथूनच म्हणाले, "चारही पोती मी वाहिली बाबा. आजोबांसारखी, पाठीवर. कंबर आठवडाभर धरली होती." मग थोड्या वेळाने, "मला कधी लाज नाही वाटली. भीती वाटते." मी मागे वळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायला गेलो तर खोकला आला. तो थांबेपर्यंत दोघेही रस्त्यात उभे राहिले.

माझा इतका अभिमानाचा दिवस दुसरा झालेला नाही, आणि त्यात माझ्या हातचं काहीच नव्हतं.

१९ ऑक्टोबर

बिअरवालीला दरवर्षी बारा पोती हवीत. चिरंजीवांनी मशीनचं पुस्तक रद्दीत घातलं, पण दोन अटी घातल्या. भट्टीवर उंच धुराडं बसवायचं आणि धुरात मी पाऊल टाकायचं नाही. धुराडं काल बसलं. ही पत्र्यापाशी, मी दाराशी खुर्ची टाकून चाळणी घेऊन. हिने उलथणं डाव्या खिळ्यावरून काढलं. ते आता तिथेच राहील.

आज नवीन सातूंची पहिली खेप होती. मंद जाळ, गोड वास, मग काटक्या, मग भडका. दाणे बोलायला लागले. तडतड ऐन भरात आली आणि हिने उलथणं घातलं. माझ्या घशापर्यंत आलं होतं, अगं, अजून एक हात. गिळलं. हिने सगळे दाणे खाली गार फरशीवर ओतले. ते तिथे पडल्या पडल्या बराच वेळ बोलत राहिले. आम्ही दोघे ऐकत बसलो.

खोकला: सकाळी आठ, संध्याकाळी पाच. हिला विचारून लिहिलेत.